बिनबशीचा चहा

माझ्या बाबांनी उभ्या जन्मात कुणाला "घरी विचारून सांगतो" असं म्हटलं नाही. आमच्या गावात ही फार मोठी गोष्ट समजली जायची. बाकीचे बाप्ये सौदा ठरवताना मान खाजवायचे, "पाहू", "उद्या सांगतो" करायचे, आणि मग चावडीवर त्यांची टिंगल व्हायची, की गडी बायकोला विचारायला गेला. बाबांचं तसं नव्हतं. सपरीत पाहुणा येऊन बसला, बोलणं झालं, चहा झाला, की कप खाली ठेवता ठेवता बाबांचा निकाल तयार. हो तर हो, नाही तर नाही. "मर्दाचा शब्द असा पाह्यजे," असं म्हातारी माणसं तरण्या पोरांना बाबांकडे बोट दाखवून सांगत.

सपरी म्हणजे घराची पुढची उघडी ओसरी. आमचं घर धाब्याचं, पुढे सपरी, मागे चूल आणि मध्ये मातीची एक भिंत. गाव अमडापूरच्या अलीकडे, गाडीवाटेवरचं. महाराष्ट्र तेव्हा नवा नवा झाला होता आणि आमच्याकडचे म्हातारे अजून नागपूरच्या दिशेने तोंड करूनच सरकारला शिव्या देत. मुंबई कुठल्या अंगाला आहे हे त्यांना सांगून सांगून मी थकले.

सपरीत बाप्ये बसलेले असले की घरातल्या बाईने उंबऱ्याच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही, ही रीत. चहा माय करायची, पण नेऊन द्यायचे ते पोरांनी. आमच्या घरी पोर म्हणजे मीच. दोन थोरल्या बहिणी लग्न होऊन गेलेल्या. तबक हातात धरता यायला लागलं तेव्हापासून मी चहा पोचवत होते आणि दाराच्या चौकटीला टेकून बाबांचा निकाल ऐकत होते. मला बाबांचा अभिमान वाटायचा आणि मायचा राग यायचा. काहीही विचारा, बाई एकच म्हणायची, "बाबाले विचार. मले काय विचारतं? मी काय कारभारीण हाय?" नवी रिबीन पाहिजे, बाबाले विचार. जत्रेला जायचंय, बाबाले विचार. आणि बाबांना विचारलं की ते तेव्हा काही बोलायचे नाहीत. संध्याकाळी जेवण झाल्यावर हो किंवा नाही सांगायचे. मला वाटायचं, विचार करत असतील.

विचार कुठले करतात!

आता खरं काय ते सांगून टाकते. चूल आणि सपरी यांच्यातल्या त्या भिंतीला वरच्या अंगाला हातभर झरोका होता, धूर जायला म्हणून ठेवलेला. त्यातून धूर किती जायचा देव जाणे, पण सपरीतलं बोलणं मात्र शब्द न शब्द आत यायचं. माय चुलीपुढे बसून सगळं ऐकायची. आणि बाबांना चहा गरम चालायचा नाही. कपाने पिणं त्यांना जमतच नसे, जीभ पोळायची. बशीत ओतायचा, फुंकायचा आणि फुर्र करून ओढायचा. तर मायला गोष्ट पसंत असली की बाबांचा कप बशीसकट जायचा. पसंत नसली की नुसता कप. बशी आली, म्हणजे हो. बशी नाही, म्हणजे नाही. पाहुण्यांना सगळ्यांना बशा असायच्या, त्यामुळे कुणाचं लक्ष जायचं नाही. गेलंच तर घरधनी आहे, कसाही पीत असेल, असं वाटायचं.

ही युक्ती कुणी काढली ते मायलाही नीट सांगता आलं नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी बाबांनी आपल्या मनाने एक बैल घेतला होता म्हणे. दिसायला देखणा, आणि औताला जुंपला की वावरात मधोमध बसून राहायचा. हाका मारा, शेपटी पिरगळा, तो आपला बसलेला. त्यानंतर कधीतरी हे बशीचं सुरू झालं. दोघांनी समोरासमोर बसून ठरवलं असेल असं मला वाटत नाही. समोरासमोर बोलले असते तर बाबांना मान्य करावं लागलं असतं ना, की आपण बायकोला विचारतो!

एकदा मलकापूरकडचा एक दलाल बैलजोडी दाखवायला आला. बाबांनी दात बघितले, पाठीवर हात फिरवला, चालवून बघितले. जोडी त्यांना इतकी आवडली की डोळे लकाकत होते. मी चहा नेला. बिनबशीचा. बाबांनी एक घोट घेतला, पोळलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "नाई जमत."

"काऊन? खोट काय हाय?" दलाल म्हणाला.

"डावा बैल मालकाकडं पाहत नाई. दूर पाहते तो. असं जनावर मले चालत नाई."

दलाल बिचारा डाव्या बैलाच्या तोंडापुढे जाऊन उभा राहिला, तो कुठे बघतो ते बघायला. गावात मात्र चार दिवस चर्चा, की काय पारख आहे! बाबांचा खरा गुण हाच. निर्णय मायचा असायचा, पण कारण त्यांचं स्वतःचं, ताजं, तिथल्या तिथे बनवलेलं. कारणं काढण्यात त्यांचा हात धरणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

हे सगळं मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर माझा जीव असा टांगणीला लागला नसता.

मी सातवी पास झाले. नुसती पास नाही, आसपासच्या शाळांत पहिली आले. आमच्या गावची शाळा सातवीपर्यंतच. पुढे शिकायचं तर चिखलीला. तिथे माझी मावशी होती, तिच्या घरी राहता आलं असतं. नाही गेले तर पुढे काय, ते मला स्वच्छ दिसत होतं, कारण माझ्या बरोबरीच्या दोघींना बघायला पाहुणे येऊन गेले होते आणि त्यातली एक हातावर मेंदी काढून ओट्यावर रडत बसली होती. मला शिकायचं होतं. फार शिकायचं होतं.

मग मी बाबांच्या मागे लागले. त्यांचे पाय चेपले. वावरात भाकर घेऊन गेले, न सांगता. त्यांच्या धोतराला कधी नव्हे ती नीळ घातली, तीही इतकी, की आठवडाभर ते आकाशी रंगाच्या धोतरात फिरले. त्यांच्याशी भांडणंसुद्धा थांबवलं, आणि आम्ही दोघं रोज भांडायचो बरं, ज्वारीच्या भाकरीला तीळ लावावेत की नाही इथपासून भांडायचो. बाबा एवढंच म्हणायचे, "पाहू."

जो माणूस साऱ्या गावात कुणाला "पाहू" म्हणत नव्हता तो मला म्हणत होता. तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता.

एकदा विहिरीवर माय मला म्हणाली, "तुले खरंच जायचं हाय काय चिखलीले?"

मी चिडलेलीच होते. म्हटलं, "तुले सांगून काय उपयोग हाय? बाबा ठरवतीन."

माय हसायला लागली. इतकी हसली की पोहरा हातातून सुटून विहिरीत गेला. मला वाटलं माझी थट्टा करते आहे. मी पाय आपटत घरी आले आणि पोहरा तिनेच गळ टाकून काढला.

उन्हाळा संपत आला आणि बाबांचं "पाहू" काही संपेना. तेव्हा आमचे मोठे गुरुजी म्हणाले, मीच येतो तुझ्या वडिलांशी बोलायला. एकटे आले असते तर बरं झालं असतं. पण गुरुजींनी धाकट्या गुरुजींना बरोबर घेतलं. गावचे पाटील वाटेत भेटले, त्यांना कुठे काय चाललं आहे ते बघायची सवय, तेही आले. शेजारचे कापडवाले चाचा सपरीत आधीच येऊन बसले होते. आठवड्यातून दोनदा अमडापूरच्या बाजारावरून परतताना ते आमच्याकडे टेकायचेच. आणि मुख्य म्हणजे चिखलीहून माझे मावसाजी आले होते, कारण मला ठेवून घ्यायचं त्यांच्या घरी. एवढी मंडळी आणि बाबा. सहा माणसं.

आमच्याकडे मलकापूरहून आणलेल्या सहा कपबशा होत्या. त्यातली एक बशी मांजराने फोडली होती. म्हणजे कप सहा, बशा पाच. आतापर्यंत एकदम एवढी माणसं कधी आली नव्हती, त्यामुळे अडलं नव्हतं.

बाहेर मोठे गुरुजी बोलत होते. फार छान बोलले. "असं डोकं ह्या शाळेत मी पाह्यलं नाही," म्हणाले. मी आत चुलीजवळ उभी, कान झरोक्याकडे. मायने चहा गाळला. तबकात कप मांडले. पाच बशांवर पाच, आणि एक नुसता. मग प्रत्येक कपावर बोट ठेवून मला बजावलं, "हा बशीवाला तुह्या बाबाचा. अन् हा बिनबशीचा मावसाजीले दे. ते घरचेच हाये. समजलं? बाबाले बशीवालाच दे."

मी मान हलवली आणि तबक उचललं.

आणि दारापर्यंत जाईस्तोवर माझं डोकं चालायला लागलं. माझं डोकं असं नको तिथे चालतं, आजही. मावसाजी म्हणजे कोण, ते मायला ठाऊक नव्हतं का? रुसवा या माणसाच्या नाकावर बसलेला. माझ्या बहिणीच्या लग्नात यांना दिलेली टोपी पाटलांच्या टोपीपेक्षा मळकट निघाली म्हणून हे मांडवाच्या मागे जाऊन बैलगाडीत बसून राहिले होते, आणि वऱ्हाड जेवायचं थांबलं होतं. त्यांच्या घरी मला चार वर्षं जेवायचं आहे, आणि त्यांना सगळ्यांदेखत बिनबशीचा चहा? छे! बाबा तर घरचे धनी. बाबांना काय, कसाही चालेल. पाहुण्याचा मान मोठा. एवढं शिकलेल्या मुलीला एवढं तरी कळायला नको?

मी चौकटीतच तबक गुडघ्यावर टेकवलं आणि कप बदलले. बशीचा मावसाजींना, बिनबशीचा बाबांना. आणि मनात स्वतःवर खूश होऊन बाहेर गेले.

बाबांनी कप उचलला. खाली बशी नाही हे बघितलं. मग एकदा झरोक्याकडे बघितलं. मला आठवतं, कारण मला वाटलं धूर येतोय की काय. एक घोट घेतला, पोळलं, आणि कप खाली ठेवून म्हणाले, "गुरुजी, तुमचं बोलणं मानाचं हाय. पण आमची पोट्टी काई चिखलीले जाणार नाई."

माझ्या हातातलं तबक तसंच राहिलं.

"पण अडचण काय?" मोठे गुरुजी म्हणाले.

बाबांनी थोडा वेळ आढ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "चिखलीचं पाणी भारी हाय. तिले मानवत नाई."

"काय म्हणता?" मावसाजी ताठ झाले. "आमच्या चिखलीच्या पाण्याले काय झालं? आमी काय मेलो काय ते पिऊन पिऊन?" म्हणजे ज्या रुसव्याला भिऊन मी हे केलं तो रुसवा बशी देऊनही आलाच. "तुमाले पोरगी पाठवाची नसन त तसं सांगा. पाण्याले नावं ठेवू नका."

"पानी उबालके पी लेगी ना भाई," चाचा मध्ये पडले. "उसमें क्या है?"

"नाई नाई," पाटील मिशीवरून हात फिरवत म्हणाले. "बाप म्हणते नाई, म्हणजे नाई. पोरीच्या जातीले लय झालं शिक्षण. गुरुजी, चहा घ्या. मस्त झाला हाय."

मी तिथून आत पळाले. चुलीपुढे जाऊन मटकन बसले आणि रडायला लागले. हुंदके देऊन रडत होते, शेंबूड, केस, काही भान नाही. माय माझ्याकडे बघतच राहिली. तिला आधी वाटलं बाबांच्या डोक्यावर परिणाम झाला. मग तिने माझा दंड धरला.

"बशी कोणाले देली?"

मी म्हटलं, "कोणती बशी?"

"बाबाच्या कपाची बशी वं! कोणाले देली?"

"मावसाजीले. ते रुसले असते."

मायने कपाळावर हात मारला. "अवं बाई वं! अवं माह्ये बाई!" एवढंच दोनतीनदा म्हणाली. मग भराभर मला सांगितलं, बशी म्हणजे काय आणि बशी नाही म्हणजे काय. मी रडायची थांबले. तोंड उघडंच राहिलं. इतकी वर्षं मी तबकात घालून या घरचे निकाल नेत होते आणि मलाच पत्ता नव्हता! आणि आता स्वतःचाच निकाल मी माझ्या हाताने फिरवून आले होते.

माय आधी खोकली. मग भांडं आपटलं. मग दाराआड जाऊन हाक मारली, "अजी, जरा इकडं येता काय?"

बाहेर पाटील हसले. "जा, जा. बोलावणं आलं घरातून."

आता कसे उठणार बाबा? मर्दाचा शब्द ना! ते म्हणाले, "बसल्या मंडळीतून उठून जाणारा माणूस नाई मी," आणि आणखी ऐटीत मांडी घालून बसले. गुरुजी चपला घालायला लागले. बाहेर चपलांचा आवाज झाला. एकदा मंडळी उठली की शब्द कायम. मग पाटील तो चावडीवर नेणार, आणि चावडीवर गेलेला शब्द परत फिरवणं बाबांना मरणासारखं झालं असतं.

मायने इकडे तिकडे बघितलं. बशी शिल्लक कुठली? पाचही बाहेर. तिने फळीवरून जर्मलची एक ताटली ओढली, ज्यात आम्ही लोणचं वाढायचो. पदर डोक्यावरून नाकापर्यंत घेतला. आणि उंबरा ओलांडून सपरीत गेली.

पाटलांचा हात मिशीवर तसाच थांबला. मोठे गुरुजी एक पाय चपलेत आणि एक बाहेर असे उभे. आमच्या सपरीत बाप्ये बसलेले असताना माय कधी आली नव्हती, मला वाटतं गावातली कुठलीच बाई कुठल्याच सपरीत आली नव्हती. ती सरळ बाबांपर्यंत गेली, त्यांचा कप उचलला, खाली ती ताटली सरकवली, त्यावर कप ठेवला आणि म्हणाली, "पोळते ना तुमाले. ह्याच्यात ओतून घ्या."

आणि तिथेच उभी राहिली. गेली नाही आत.

बाबांनी ताटलीकडे बघितलं. मायकडे बघितलं. मग चहा ताटलीत ओतला, लोणच्याचा वास आला असणार त्याला, सावकाश फुर्र करून सगळा प्यायले आणि धोतराच्या सोग्याने मिशा पुसल्या.

"गुरुजी, बसा," म्हणाले. "माह्यं बोलणं पुरं झालंच नाई. चिखलीचं पाणी भारी हाय, असं मी म्हटलं. म्हणूनच त पोट्टीले तिथं पाठवाले पाह्यजे. हलक्या पाण्यावर वाढलेलं माणूस हलकंच राह्यते. भारी पाण्यानं बुद्धी घट्ट होते. मावसाजीकडंच पाहा!"

मावसाजी फुलले. "मंग! मी काय म्हणून राह्यलो होतो?"

पहिले हसले ते चाचा. पोट धरधरून हसले. ताटलीकडे बोट दाखवत म्हणाले, "समझ गया भाई, समझ गया! हमारे घर में पान आता है. चूना जादा लगा, तो समझो सौदा नक्को. बीस साल से जबान जल रही मेरी!" मग धाकटे गुरुजी हसले, मोठे गुरुजी हसले, आणि मायसुद्धा पदराआड हसत आत आली. पाटील मात्र हसले नाहीत. त्यांनी आपल्या कपाखालच्या बशीकडे फार वेळ बघितलं आणि उठून गेले.

दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाला कळलं. बाबा दोन दिवस चावडीकडे फिरकले नाहीत. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? माझ्यापायी त्यांची पत गेली असं मला वाटायला लागलं. तिसऱ्या दिवशी ते आपण होऊन गेले आणि कुणीतरी टोमणा मारलाच, की काय म्हणते तुमच्या घरचं सरकार? बाबा म्हणाले, "हाव. बायकोले विचारूनच ठरवतो मी. तुमच्या घरी कोणाले विचारता? बैलाले?" त्यानंतर कुणी बोललं नाही म्हणतात. आता हे मला बाबांनीच सांगितलं, तेव्हा त्यात मीठमसाला किती ते तुम्हीच ठरवा.

मी मायला विचारलं, "सारं तूच ठरवतं, त मंग सरळ बोलत काऊन नाईस?"

ती भाकर थापत होती. "मी बोलली असती त त्याहिले ऐका लागलं असतं," म्हणाली. "आता त्याहिले वाटते आपणच ठरवलं, अन् काम होते. माह्यं काय जाते?" मला ते उत्तर मुळीच पटलं नाही. अजूनही पटत नाही. मी तिच्याशी भांडले, तर तिने मला पीठ मळायला बसवलं.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी बाबा मला अमडापूरच्या मोटार स्टँडवर सोडायला आले. माझी पत्र्याची पेटी त्यांनी स्वतः खांद्यावर घेतली. मावसाजी तिकडे चिखलीला उतरवून घ्यायला येणार होते. एस.टी. यायला वेळ होता. बाबा पेटीवर बसले. मग एकदम म्हणाले, "त्या दिवशी मी नाई म्हटलं ना गुरुजीले, ते मनातून म्हटलं होतं."

मी म्हटलं, "मनातून कसं? तुमाले त बशी..."

"बशी गेली चुलीत! मले बरं वाटलं होतं. नाई म्हणाचं भेटलं म्हणून. तू गेल्यावर घरात माह्यासंग भांडन कोण? तुही माय त भांडतच नाई. ती नुसती ठरवते."

मला हसू आलं. मी म्हटलं, "मंग हो काऊन म्हटलं?"

बाबा रस्त्याकडे बघत होते. "तुह्यं तोंड पाह्यलं. तबक घेऊन उभी होती तू, ते पाह्यलं. तवाच ठरवलं, की शब्द फिरवाचा. चावडी गेली खड्ड्यात. मी बोलाले तोंड उघडणारच होतो, बाई, खरं सांगतो. तेवढ्यात आली तुही माय ताटली घेऊन! मंग काय, साऱ्याइले वाटलं तिनंच केलं." त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे ओले होते आणि ते लपवायचं त्यांना सुचलं नाही. "पण मायले सांगू नको हे. लय खूश हाय ते. गावात पह्यल्यांदा बाहेर आली बिचारी."

मी त्यांच्या गळ्यात पडून रडले, भर स्टँडवर. बाबा म्हणत होते, "अवं, लोक पाहून राह्यले, अवं." एस.टी. आली. त्यांनी पेटी टपावर चढवली, कंडक्टरला दोनदा सांगितलं की पोरगी एकटी आहे, चिखलीलाच उतरवा, आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीचा गज धरून उभे राहिले.

ते खरं बोलत होते की नेहमीसारखं कारण शोधून काढलं होतं, मला सांगता येत नाही. त्यांच्या डोळ्यांवरून मला ते खरं वाटलं. मी शिकले, नोकरीला लागले, मायबाप म्हातारे झाले. सपरीत आता माय सगळ्यांदेखत खाटेवर बसायची आणि येईल त्या पाहुण्याला, गावात आलेल्या नव्या सुनेला, दूध घालणाऱ्याला ती हकिगत सांगायची. "हे त नाई म्हणूनच बसले होते. हिले शिकवली ते म्या शिकवली." शेजारी बाबा बसलेले. "हाव," ते म्हणायचे, "मी त नाईच म्हटलं होतं." त्या बसक्या बैलानंतर उभ्या आयुष्यात त्या माणसाने आपल्या मनाने घेतलेला तो एकच निर्णय असेल, आणि तो दर खेपेला ते असे हसत हसत बायकोच्या नावावर करून टाकायचे. आणि मला गप्प बसावं लागायचं. मला!